उजवीकडचा रकाना

उपासना संपल्यावर
पाळक ग्विलांनी एक वही फिरवली बाकांवरून.
डावीकडे नाव लिहा, म्हणाले,
उजवीकडे आत्म्याने तुम्हाला दिलेलं दान.

लायफोर्डने लिहिलं, शिकवणं.
टियोंगेने, गाणं; आणि खाली बारीक अक्षरात,
भविष्यवाणी, कधीकधी.
बोटीवर तिकिटं फाडणाऱ्या वाइसनने लिहिलं, व्यवस्था पाहणं,
आणि कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं.

मग वही माझ्या मांडीवर आली.
मी एस्नाट. वाळवलेली उसिपा विकते,
बोटभर मासे, नव्या खिळ्यांसारखे चकाकणारे,
सरोवराकाठी बोरूच्या मांडवावर पसरलेले.
नाव लिहिलं. पुढे पेन थांबलं.
पेनाचा दोष नव्हता.

एके काळी त्या रकान्यात लिहिण्यासारखं
होतं माझ्याकडे.
माझ्या हाताखाली ताप उतरायचे.
माणसं लांबून यायची,
सायकलच्या कॅरियरला आजारी म्हातारं बांधून.
मी कपाळावर हात ठेवायची,
आणि मान सरळ व्हायची.
त्यांची कधीकधी. माझी नेहमीच.
बाजारात मला वाट मिळे,
माझ्या उसिपाला दोन पैसे जास्त.
मी ते घेतही असे.

मग हॅरिसन, माझा नवरा,
सात रात्री जळत राहिला तापात,
आणि त्याच्या कपाळावर हे हात
नुसते हात होते.

मातीहून परतल्यावर त्याचं जाळं छपरात खोचलं,
शेजारीच ते दानही.
जाळं उंदरांनी खाल्लं.
दुसऱ्याचं काय झालं, मी वर चढून पाहिलं नाही.

गेल्या जुलैत म्वेरा सुटला होता,
तो दक्षिणेचा वारा, ज्यात होडी बांधूनच ठेवतात.
मध्यरात्री दारात नासिबेको,
कडेवरचं पोर आकडी येऊन ताठलेलं.
म्हणाली, हात ठेवा, आई.
मी म्हटलं, ते आता राहिलं नाही माझ्याकडे.
ती क्षणभर बघत राहिली.
मग धरा तरी त्याला, म्हणाली,
माझे हात थरथरतायत.

धरलं.
चितेंजे पाठीशी आवळून बांधलं,
आणि दवाखान्याची वाट, टेकडीला वळसा घालून,
तीन तास. ती पुढे बॅटरी घेऊन,
मी मागे, तिच्या टाचांवर नजर लावून.
प्रार्थना?
केली, पण धापा टाकत, तुटक तुटक,
शब्द एका दगडावर, पुढचा शब्द पुढच्या दगडावर,
आमेन थेट दवाखान्याच्या पायरीवर.
मध्ये एकदा देवाला शिवीही दिली बहुतेक;
वारा होता, नक्की सांगता येत नाही.

सिस्टर डोरिकाने सलाइन लावलं.
सुई शोधताना तिचा डावा हात
पोराच्या कपाळावर होता, सहज,
जसा मी ठेवायची तसा.
पहाटे त्याने पाणी मागितलं.
कुणी बरं केलं, मी विचारलं नाही.
पाठ ओली होती त्याच्या घामाने,
आणि त्या ओलीला माझं नाव नव्हतं.

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते माझं.
वाटत होतं;
वाटलं मात्र नव्हतं.

हॅरिसन का गेला, ते मला अजून कळलेलं नाही.
हे मी लिहून ठेवते आहे, कारण लोक म्हणतील,
एस्नाटला उत्तर मिळालं.
नाही मिळालं.

वाइसन खाकरला, मागच्या बाकाला वही हवी होती.
मी पेन पुन्हा टेकवलं
आणि उजवीकडच्या रकान्यात लिहिलं:
मासे वाळवायच्या मांडवांमागे, तिसरं घर, निळं दार.
रात्री जोरात ठोठवा,
एका कानाने कमी ऐकू येतं.