पाणी लागलं

उनकेश्वरच्या कुंडाकडून येताना
साग संपतो, तिथे आमचा टॉवर.
रात्रपाळीला मी चिखल वाचतो:
खालून वर आलेला,
किती तापला, कसले खडे घेऊन आला,
दर अर्ध्या तासाला वहीत.

ब्रेकवर हात भुजंगदादांचा. निलंग्याकडचे.
बावीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढलेली.
पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहायचा,
मशीन लागायची,
आणि साडेसातशे फुटांवर पांढरी धूळ.
भोकावर दगड ठेवून पुढचं गाव.
"लई भोकं पाडली बघ," म्हणतात, "निम्मी मुकी."

चार हजार दोनशे मीटर.
काळा पाषाण कधीच वर राहिला,
ग्रॅनाइटलाही महिना झाला.
तापमापी तीनशे सत्तरला गप्प.
वायर ओढून घेतली तर टोकाशी
सोल्डरचा एक थेंब,
वितळून पुन्हा थिजलेला.

पहाटे चारच्या सुमाराला पाइप घुमू लागला,
दूरच्या शिवारात मळणीयंत्र चालावं तसा.
झडपा आवळल्या, मग बाजूची तोटी
अगदी बोटभर सोडली.

तोटीच्या तोंडाशी काहीच नाही.
दोन हात नुसती हवा थरथरते,
पलीकडचा दिवा वाकडा दिसतो,
आणि मग एकदम ढग.
पाणी म्हणावं तर ओलं नाही,
वाफ म्हणावी तर खाली दगडासारखी दाट होती.

साहेबांनी फोनवर एक लांब शब्द सांगितला.
दादा म्हणाले, "मराठीत काय म्हणायचं ह्याला?"
"अजून ठरलं नाही."
"मग पाणी लागलं, असं लिही."
मी लिहिलं.
(साहेबांनी सकाळी ते खोडलं.)

डब्याच्या पिशवीतून त्यांनी नारळ काढला,
किती दिवस बाळगत होते कुणास ठाऊक.
ढगाकडे पाहिलं, पिशवीत परत ठेवला.
"फोडायचा कुठं? जवळ तर जाऊ देईना."

उजाडल्यावर स्टीलच्या बाटलीत नमुना गार झाला.
पिवळसर, सडक्या अंड्याच्या वासाचा.
दादांनी बाटली गालाला लावली.
"कपभर तरी?"
"नको दादा. हे लोखंड खातं."

पाळी सुटल्यावर ते कुंडावर गेले.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
म्हाताऱ्यांच्या ओळीत बसले, पाय सोडून.
साडेआठची बस गेली.
मी हाक मारली तेव्हा
पाण्यातच बोटं हलवत म्हणाले,
"हे दमून आलंय रे."