तंग

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या कडेला
आमची ताडपत्री. वर बॅटरीचा दिवा,
खाली आबा, मी, आणि मधे
गुडघ्यांत दाबून धरलेला सागाचा चिमटा.
चिमट्यात दुल्लभसिंग गिरासेंचा तुटलेला तंग.
उजाडताच गिऱ्हाइकाला घोडीची रेवाल दाखवायची आहे.

तापीवरचा वारा दोऱ्याचं मेण कडक करतो.
मी दोरा काखेत धरून बसते, मऊ होईस्तोवर.

एक दोरा, दोन टोकांना दोन सुया.
खरं तर हे एकाच माणसाचं काम.
पोत्याला मिठी मारावी तसे हात दोन्हीकडून घालायचे,
एकाच भोकातून दोन्ही सुया आरपार,
मग दोन्ही हात एकदम बाहेर.
आबांचा डावा हात पोळ्यापासून
मांडीवर नुसता ठेवलेला असतो,
शेजारून मागून आणलेल्या भांड्यासारखा.
म्हणून डावी बाजू माझी.

आबा आरी मारतात. तिरपी,
दर वेळी तेवढीच तिरपी.
म्हशीच्या चामड्याचे तीन थर ओलांडून
त्यांची सुई माझ्याकडे येते,
म्हणजे उंदराच्या नाकाएवढं टोक.
त्याला धरायचं.
नखं सरकतात. मेण, घाम, एरंडेल.
मी चिडून वाकडी ओढते.
‘नेढं तुटी जाई,’ आबा म्हणतात.
‘जशी येस तशीच वढ.’

काल दोन मोडल्या.
एकीचं टोक आतच राहिलं, तर आबांनी
वीतभर शिवण उसवायला लावली.
घोडीच्या पोटाशी लोखंड नको.

पेटीत पक्कड आहे. ती घेऊ देत नाहीत.
पक्कड सुईला चावते, म्हणतात,
आणि चावलेली सुई पुढे दोऱ्याला चावते.
मग चुलीतली राख बोटांना. तीही पुरेना
तेव्हा रशीद पिंजाऱ्याच्या पंक्चरच्या गाड्यावरून
ट्यूबचा एक तुकडा आणला,
अंगठ्याएवढा. त्यानं धरता येतं.
नंदुरबारला, झेरॉक्सच्या दुकानात,
माझ्या बोटांनी कागदाहून जाड काही धरलं नव्हतं.

सुया पार झाल्या की ओढायचं, दोघांनी एकदम.
मी जास्त लावला तर आबाच
माझ्याकडे किंचित सरकतात,
आणि काही न बोलता परत मागे होतात.
त्यावरून मला कळतं, किती.

रात्री कधीतरी कडीपाशी आलो.
तिथं चामडं दुमडलेलं, थर पाच.
सुई निम्मी आली आणि थांबली.
रबर नाही, राख नाही, दोघांचा जोर नाही.
आबांनी पकडीकडे पाहिलं.
मी वाकले आणि दात लावले.
लोखंड. मेण. घोडीचा जुना, खारट घाम.
मान ताठ ठेवून डोकं मागे नेत गेले,
जशी येते तशीच,
आणि ती आली, मागून दोरा
ओठ घासत आला.

‘तुन्ही माय बी असंच करे.’

आई शिवायची हे मला माहीत नव्हतं.
मी पुढचं काही येईल म्हणून थांबले.
आबा आरीनं पुढची जागा चाचपत होते.

सकाळी घोडीनं पोट फुगवून घेतलं.
तंग कसताना ती तसं करतेच.
गिरासे बिडी संपेपर्यंत उभे राहिले, तिनं श्वास सोडला,
आणि त्यांनी पटकन दोन भोकं आत ओढला.
शिवण कुरकुरली. आबांनी मान वळवून
तो कान तिकडे केला, ज्याला ऐकू येतं.
एकदाच कुरकुरली.

घोडी नदीकडे गेली. आम्ही काही पाहायला गेलो नाही,
अजून चार मोहरक्या होत्या.
रशीदनं चहा पाठवला.
पहिल्याच घोटाला खालच्या ओठावरचं मेण
वितळून चहात उतरलं,
आणि मी तो तसाच प्यायले.