वॉशिंग मशीनवरचा डाव

ग्युमरीत मार्च आला तरी जिना गोठलेलाच.
चौथ्या मजल्यावर आम्ही चौघं
आणि घड्याळंही चार.
बाबा रात्री नऊला बेकरीच्या भट्टीवर,
आई पहाटे साडेपाचला मोज्यांच्या कारखान्यात,
मी कॉलेज, मग औषधांचं दुकान.
वाहे शाळेतून येतो तेव्हा
घरात फक्त फ्रिज बोलत असतो.

बुद्धिबळाचा पट मशीनवर ठेवलाय,
कारण टेबलावर कायम
कुणाचं तरी जेवण झाकलेलं.
बाबांची पांढरी, माझी काळी.
दिवसाला एक चाल.

बाबा सहाला येतात,
आईची नि त्यांची अर्ध्या तासाने चुकामूक.
मला सकाळी घोड्याच्या मानेवर
पिठाचं बोट दिसतं.
म्हणजे आले सुखरूप. झोपलेत.

एक प्यादं वाहेने हरवलं,
तिथे आता जर्दाळूची बी उभी आहे.
तीही एकेकच घर चालते, तक्रार नाही.

रविवारी मशीन गरगरायला लागलं
की आई अख्खा पट उचलते,
लग्नातलं ताट न्यावं तसा
पलंगावर नेऊन ठेवते.
"मला बाई यातलं काही कळत नाही."

नोव्हेंबरात मी बाबांच्या राजाला कोंडलं.
दोन चालींत मात.
सकाळी पाहते तर माझा हत्ती
एक घर डावीकडे.
म्हातारा लबाडी करतोय, म्हटलं,
आणि गप्प बसले.
पुढे माझा राजा अडकला,
तेव्हा त्यांचा उंट
आपणहून माघारी गेला.

नववर्षाच्या रात्री आम्ही सगळे
एकाच वेळी जागे होतो.
मी विचारलंच, "बाबा, तो हत्ती?"
"मला वाटलं, उंट तू हलवलास."
दोघांनी वाहेकडे पाहिलं,
वाहेने आईकडे.

आई माशाचे काटे काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"डाव संपला तर
तिथे साबणाचा डबा येईल.
तो काय सांगणार मला,
कोण आलं नि कोण गेलं?"

बाबा इतके हसले की ठसका लागला.
मग कुणी विषय काढला नाही.

आज सकाळी
पांढरा घोडा अडीच सोडून
साडेतीन घरं गेलाय.
पीठ नाही कुठे.
कानाला अडकलाय
राखाडी लोकरीचा एक धागा.

मी तो तसाच ठेवला,
बी एक घर पुढे सरकवली
आणि बससाठी पळाले.