एका कान्याचं अंतर

मी पाड्याची पोलीस पाटील.
मोबाइलात बाऱ्हे ठाण्याचा नंबर आहे.
त्या सकाळी तो तीनदा काढला
आणि तीनदा पदरात गुंडाळून ठेवला.

सकरीबाईची मोटार गेली होती,
तीन एचपीची, बचत गटाच्या कर्जातली,
स्ट्रॉबेरीला पाणी देणारी.
वणीच्या बाजारात बावीसशेला विकली
नवसूच्या धवळूनं.
नवसूचं नाव निघालं
तसे चिंचेखालचे सगळे खाली बघू लागले.

नवसू चौदा महिने नाशिकरोडला होता,
सागाच्या दोन वाशांपायी.
जामीन मंजूर होता, पहिल्याच आठवड्यात.
फक्त जामीनदाराचा सातबारा हवा होता.
आमच्याकडे सातबारा?
वनजमीन कसणाऱ्याच्या पेटीत
दाव्याची पोच असते, घडीवर फाटलेली.
तोवर बायको दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीवर गेली
आणि धवळूची शाळा चौथीत सुटली.

नवसू आत अक्षरं शिकला.
परत आल्यावर मला म्हणाला,
ताई, जमीन आन् जामीन,
मधी एका कान्याचंच अंतर हाय.
बोटानं मातीत काढून दाखवला:
उभा, सरळ,
गजासारखा.

रावजी कारभारी म्हणाला, सकरीला इचारा.
मी भोळी नाही.
याच चिंचेखाली भागीला दंड लागला होता
नवऱ्याचं घर सोडलं म्हणून,
आणि भागीला कुणी काही विचारलं नव्हतं.
मी तेव्हा नऊ वर्षांची, मागे, बायकांत.
या वेळी बायका पुढे बसल्या.
ते सुखासुखी झालं नाही.

सकरीबाई म्हणाली,
माला तो कोंडेल नको, माला पानी पाहिजे.
डालग्याखालची कोंबडीबी सकाळी सोडतात.

ठरलं ते असं:
मोटारीचे पैसे फिटेपर्यंत
धवळूनं ओहळाचं पाणी कावडीनं आणायचं,
सकाळी वीस खेपा, सांजेला वीस.
चुकला तर जबाब सगळ्या पाड्यानं द्यायचा.
वहीत बेचाळीस अंगठे पडले.
सातबारा एकाचाही नाही.

आठ दिवस वाट ओली होती.
नवव्या दिवशी तो आला नाही.
मी मोबाइल काढला.
सकरीबाई रिकामा हंडा घेऊन
त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.
हाक नाही, शिवी नाही.
ऊन ओट्यावर चढलं.
मग नवसू बाहेर आला,
कावड त्यानंच खांद्याला लावली
आणि पाय ओढत उतरणीला लागला.
बरंच खाली गेल्यावर
मागून पोरगं धावलं.
काय बोलले ते ऐकू आलं नाही.
कावडीनं खांदा बदलला, एवढं दिसलं.

हातातली स्क्रीन आपोआप विझली होती.

स्ट्रॉबेरीचे तीन वाफे वाळलेच.
उरलेल्यांना
अजून पाणी चालू आहे.