मिळण्याचे ठिकाण

कॅम्पातले डॉक्टर आल्बुकर्क वारले
त्यानंतरही दोन वर्षं मासिक येत राहिलं.
ओहायोतल्या मुलीनं वर्गणी आगाऊ भरलेली,
मरण कळवायचं कुणी पोस्टमनला?
घरमालकानं गठ्ठा रद्दीत घातला
आणि शनिवार खुटाजवळ, तराजूत,
मी तो गाठला. साडेसहा किलो.
दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या असत्या
अमेरिकेतल्या तमाम कादंबरीकारांच्या.

कल्लाप्पा मुचंडीकरनं बांधणी केली,
निळं कापड, पाठीवर सोनेरी आकडे.
"बाई, ह्यात गोष्टी हाईत काय?"
नाहीत. गोष्टींबद्दल आहे.
"मग गोष्टी कुठं हाईत?"
त्या तिकडंच राहिल्या.
"म्हणजे लग्नाला जायचं न्हाई,
जेवण कसं होतं तेवढं ऐकायचं की,"
म्हणाला, आणि खळ ढवळत बसला.

तसंच झालं, अकरा वर्षं.
एकही पुस्तक पाहिलं नाही
आणि प्रत्येकाविषयी माझं मत होतं.
नेब्रास्कातली एक बाई,
धान्याच्या कोठारावर तीन कादंबऱ्या लिहिलेली;
समीक्षक म्हणाला, दुसरीचं शेवटचं प्रकरण ढासळतं.
मला पहिलंच ठाऊक नव्हतं
तरी ढासळतानाची धूळ नाकात गेली.
बक्षिसाच्या यादीत पाच चेहरे ओळीनं.
स्टाफरूममध्ये हुक्केरी मॅडमशी पैज,
एक प्लेट मिरची भजी.
त्या कन्नड शिकवायच्या, चेहरा बघून माणूस निवडायच्या,
त्यांचा म्हातारा दरवेळी जिंकायचा.
माझी कोठारवाली तीनदा यादीत, तीनदा घरी.

मधल्या मोकळ्या जागा मीच भरल्या.
माझ्या नेब्रास्कातून मार्कंडेय वाहते.
बँकेत फॉर्म कन्नडमध्ये, भांडण मराठीत,
नायिका भाताची पोती मोजते
आणि तिच्या गावाची पाटी
रात्रीतून काळी होते, सकाळी कुणीतरी पुसतं.

आमचंही एक आहे, 'मेर' नावाचं त्रैमासिक.
बत्तीस पानं, एकशे चाळीस वर्गणीदार,
त्यातले नऊ वारलेले. त्यांनाही पाठवतो.
एकदा पुण्याच्या पुरस्काराचा अर्ज भरला.
रकाना चौथा : राज्य.
कर्नाटक लिहिलं. खरं तेच लिहिलं.
उत्तर आलं, आपला विचार वेगळ्या विभागात होईल.
त्या विभागात त्या वर्षी बक्षीस नव्हतं.
हुक्केरी मॅडमनी पत्र वाचून घडी घातली,
"आमचं तरी काय,
बेंगळूरची यादी धारवाडलाच संपते की."

गेल्या थंडीत पार्सल आलं.
डॉक्टरांची मुलगी कबरीवर दगड बसवायला आलेली,
कल्लाप्पानं तिला माझे निळे खंड सांगितले.
परत जाऊन तिनं धाडलं एकच पुस्तक,
कोठारवालीची दुसरी.
आत कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का,
त्यावर दुसरा शिक्का : बाद.

तीन रात्री वाचलं.
समीक्षक खोटं बोलला नव्हता, शेवट ढासळतो.
पण पान अठ्ठ्याऐंशीवर एक माणूस
अंधारात ट्रक थांबवतो,
जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडं लघवीला जातो,
परत येतो, बायकोला म्हणतो,
तिकडंही बेडूकच ओरडतायत.
एवढंच. पुढच्या ओळीत ट्रक सुरू.
हे मला कुणी कळवलं नव्हतं.
पाच चेहऱ्यांच्या पानावर
बेडकांना जागा उरली नसावी.

मी परीक्षण लिहिलं, अकरा वर्षं उशिरा.
'मेर'चा मुद्रक फोनवर,
"खाली काय टाकू, बाई? पृष्ठं, किंमत लागतंय की."
पृष्ठे दोनशे चौदा.
किंमतीचा कोपरा कापलेला आहे.
मिळण्याचे ठिकाण : शहापूर,
पिठाच्या गिरणीवर, वरचा मजला,
संध्याकाळी पाचनंतर. चार दिवसांत परत.
आणि हे छापू नका,
पहिला नंबर हुक्केरी मॅडमचा लागलाय.