खाडा

अकराव्या दिवशी मी खाडा केला.

वडशाच्या स्टेशनामागं एक लॉज.
"एकट्याच?" निर्मला उरकुडेनं विचारलं,
रजिस्टर सरकवलं,
आणि 'येण्याचे कारण' ह्या रकान्यावर बोट ठेवून थांबली.
माझ्या आधी लोकांनी लिहिलं होतं
लग्न. कोर्ट. धानाचे पैसे. लग्न.
मी लिहिलं, पाय.

पाचला जाग आली.
पायांना सांगितलं, आज नाही.
त्यांना ते पटलं नाही,
चादरीखाली ते काठाकाठानं चालतच राहिले.
भंडाऱ्याच्या पुलाखालची रेती
अजून बोटांच्या बेचक्यात होती.

मोजे धुतले. तीनदा पाणी बदललं,
तिन्ही वेळा वैनगंगाच निघाली.
गच्चीवर टाकले तर राईस मिलच्या धुराड्यातून
कोंड्याची काळी राख येऊन बसली त्यांच्यावर,
हक्कानं, घरच्यासारखी.
"वडस्यात कपडे असेच वाळते जी,"
निर्मला म्हणाली, आणि स्वतःची लुगडी उलटी केली.

टपरीवर पोहे, वर तर्री, नाकातून पाणी.
बाकावरच्या म्हाताऱ्यानं चौकशी सुरू केली.
"नवस हाय?"
नाही.
"मोर्चा?"
नाही.
"मंग काऊन चालता बापा?"
म्हटलं, नदी कुठं संपते ते बघायला. चपराळ्यापर्यंत.
"थे तं बसनं दिसते. चार घंट्यात."
त्याचं काही चुकलं नव्हतं.
मी अजून थोडी तर्री मागितली.

आज बाजार नव्हता.
ओटे रिकामे, एकावर शेळी,
एकावर कांद्याची साल वाऱ्यानं इकडून तिकडं.
मीही एका ओट्यावर बसले.
किती वेळ बसायचं असतं, ते मला येत नाही.

फाटकाशी इस्तारी चवरे बसतो, रापी, खिळे, जुनं टायर.
बूट हातात घेतला, उलटा केला,
आणि आपण एखाद्याचं कार्ड वाचावं तसा वाचला.
"डाव्या अंगाले झुकता तुमी.
लय वर्सं काईतरी वाहलं उजव्या खांद्यावर."

लसीचा डबा, मी म्हटलं.
बत्तीस वर्षं.

आत बर्फ. तो वितळायच्या आत पोचायचं.
पांदण, बांध, चिखल, पुन्हा बांध,
कडेच्या झाडाचं नाव विचारायलाही थांबले नाही कधी.
आणि नदी? ती नेहमी आडवी आली.
डोंग्यात डबा मांडीवर धरून ओलांडायची,
पलीकडं बाया पोरं घेऊन उभ्या.
उभी नदी मी पाहिलीच नव्हती.

"टाचा बदलल्या का चाल बदलन. बदलू?"
मला एकदम काही सुचेना.
एक मालगाडी गेली, सगळे डबे मोजून झाले.
म्हटलं, एकाच पायाची बदला.
"मंग गोल गोल फिरान," तो हसला,
आणि दोन्ही बदलल्या. ऐंशी रुपये.

रात्री लाखोळीची डाळ, भात, भेदराची चटणी.
निर्मलाच्या चपला मला एक बोट मोठ्या,
त्या फटफटवत मी अंगणात दोनदा उगाच गेले.
हजेरीपटात माझ्या नऊ लाल फुल्या आहेत.
नऊही मला पाठ आहेत,
कोणती आईची, कोणती तापाची,
कोणती पुरात डोंगाच आला नाही म्हणून.
ही दहावी.
हिच्यापुढं कुणी सही मागणार नाही.
तरी झोपताना हात उशाशी पेन शोधत होता.

पहाटे मोजे ओलसरच होते. तसेच चढवले.
"वापस याल तं लुगडं नेजा, तुमच्या मापाचं हाय एक,"
निर्मला दारातून म्हणाली. मी हो म्हटलं.

फाट्यापर्यंत नव्या टाचांवर
रस्ता उजवीकडं कलल्यासारखा वाटत होता.
मग लाखोळीची हिरवी बांधी ओलांडली,
आणि नदी लागली,
उजव्याच हाताला.