ब्रशने काढलेला चार

फोर्थच्या काठी, जिथे पाणी
नदी आहे की समुद्र ते अजून ठरवत नाही,
तिथे कार्सहिलचा कारखाना होता.
आता सुपरमार्केट आहे.
तांब्याचे दोन खांब जिथे पाच मजले चढत गेले होते
तिथे ट्रॉल्या एकीत एक घुसवून ठेवतात.

गोदामाची एक भिंत तेवढी उरली. काळीकुट्ट.
काजळी नव्हे ती, बुरशी आहे,
पिंपांतून उडणाऱ्या दारूच्या वासावर पोसलेली.
देवदूतांचा वाटा म्हणतात इकडे त्या उडण्याला.
भिंतीने आपला वाटा सोडला नाही,
आणि हॅडोबाईंच्या दोरीवरच्या चादरींनीही.

टॅम हॅडो रात्रपाळीला.
मका बोटीने येई, शिजे, आंबे, वाफ होऊन चढे,
थेंब होऊन उतरे. थांबणं नाही. रविवार नाही.
डोंगरातल्या माल्टला झरे होते, दऱ्या होत्या,
लेबलावर शिंगं उगारलेलं हरीण होतं.
हिला नुसता आकडा.
मैफलीत तंबोरा धरून मागे बसावं तशी ही:
बाटलीत निम्म्याहून जास्त,
आणि नाव पुढच्याचं.
टॅमला त्याचं वाईट वाटलं असेल का?
बॉयलरने त्याचा उजवा कान खाल्ला होता,
कुणी विचारलंही असेल, पोचलं नसेल.

त्र्याऐंशीत कुलूप लागलं.
निरोपाला कंपनीने प्रत्येकाला एक बाटली दिली.
माल्टची. दुसऱ्याच कुणाच्या.
ती त्याने कधी फोडली नाही.

एक पिंप मागे राहिलं.
पन्नास वर्षं ते कुणी विसरलं होतं की जपलं होतं,
गोदामाच्या वहीत दोन्हीची नोंद सारखीच दिसते.
आत ती मुरत होती, दरवर्षी थोडी कमी होत.

आता तिला नाव आहे. कार्सहिल, ठळक अक्षरांत.
पबमध्ये पिंपाची गोल झाकणफळी टांगलीय
आणि खाली किंमत, अंगठ्याएवढ्या पेल्याची.
इझोबेल पेन्शनचं पाकीट धरून वाचतेय:
६ १ ४ ७.
सहा, एक, सात पत्र्याच्या छाप्यातून काढलेले, सरळ रेषेत.
चार मात्र ब्रशने काढलेला. छापा तुटला असणार.
वरून उघडा, खुर्ची उलटी टाकल्यासारखा चार,
तिच्या गणिताच्या वहीतला,
ज्यावर मिसेस पेटिग्रूने
दोनदा लाल गोल केला होता.

स्ट्रूअनने ओतलं. 'पाणी घालू?'
वार्निशचा वास. मग खोबऱ्याच्या बिस्किटाचा.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि ते काहीच नाही संपेना.
तिला खरं तर आवडली नाही. ती चहावाली.
पण पेला रिकामा होईपर्यंत ती तिथून हलली नाही,
आणि स्ट्रूअनच्या लक्षात आलं, तिच्या नाही:
एवढी जागा रिकामी असताना
ती त्या फळीच्या डाव्या अंगाला,
अगदी चिकटून उभी होती,
जिकडून ऐकू येतं.